गादीवाल्याची पाटी

एका शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी आणि नवरा रूट वनवरच्या एकाच अर्ध्या मैलात घिरट्या घालत होतो. न्यू जर्सीत हे वाटतं तितकं सोपं नाही. इथे अशा हमरस्त्यांवर बहुतेक ठिकाणी थेट डावीकडे वळता येत नाही. उजवीकडून बाहेर पडायचं, सुरईच्या कानासारखा गोल वळसा घालायचा आणि मग सिग्नलला रस्ता ओलांडायचा. तिसऱ्या वळशाला नवरा म्हणाला, "गादी घ्यायची असेल तर घेऊन टाकू, पण हे थांबव."

गादी घ्यायची नव्हती. गादीच्या दुकानाची पाटी बघायची होती, आणि ती अजून लागलीच नव्हती. दुकानाच्या आवारात विजेच्या तारा दुरुस्त करायला येतो तसला ट्रक उभा होता. त्याच्या वर गेलेल्या पाळण्याला वीस फूट बाय बारा फुटांचं पांढरं कापड ताणून बांधलं होतं. जमिनीपासून ४५ फुटांवर ते वाऱ्यानं फडफडत होतं. एवढ्या उंचीवर एवढी पाटी लागली तर कशी दिसेल, हे ज्याला बघायचं असेल त्यानं नऊ ते अकरात येऊन बघावं, असं दुकानदाराच्या वकिलानं गेल्या सुनावणीत जाहीर केलं होतं. मला तर बघावंच लागणार होतं. मी आमच्या टाउनशिपच्या झोनिंग बोर्डावर आहे.

माहेरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आईला वाटलं मी निवडणुकीला उभी राहिले. तसं काही नाही. शेजाऱ्यानं सहा फुटांच्या कुंपणाची परवानगी मागितली होती, मी तक्रार करायला गेले, तीन तास बसले, आणि घरी आले ती भारावून. सात साधी माणसं एका कुंपणावर रात्री दहापर्यंत डोकं लावत होती, तेही फुकट. वर्षभरानं टाउनशिपला स्वयंसेवक हवे होते, मी अर्ज टाकला. कायद्यानं बोर्डावर सात कायमचे सभासद असतात आणि जास्तीत जास्त चार पर्यायी. मी पर्यायी क्रमांक दोन. म्हणजे सगळं ऐकायचं, प्रश्न विचारायचे, पण मत द्यायचं ते कायमच्यांपैकी कोणी गैरहजर असेल तरच. मानधन शून्य. टेबलावर पाण्याच्या बाटल्या असतात, कधी प्रेट्झेल. नवीन सभासदाला एक सक्तीचा कोर्स करावा लागतो, तो एका शनिवारात उरकला.

इथे प्रत्येक गावाचा झोनिंगचा कायदा ठरवतो की कुठे घर, कुठे दुकान, कुठे कारखाना. मागे किती जागा सोडायची, पाटी केवढी लावायची, हेही त्यातच. हे करायचा गावाला हक्क आहे, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाच्या खटल्यात शिक्का मारला. पण कागदावर आखलेला नियम आणि प्रत्यक्ष जमीन यांचं दर वेळी जमतंच असं नाही. तेव्हा नियम मोडायचा नाही, रीतसर सूट मागायची. तिला व्हेरिअन्स म्हणतात. न्यू जर्सीत हे सगळं १९७५ च्या जमीनवापर कायद्यानं चालतं आणि ती सूट द्यायची की नाही, हे आमच्यासारखे लोक ठरवतात.

पहिल्याच महिन्यात मी तोंडघशी पडले. एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यावर मोठी पाटी हवी होती. मी मनापासून विचारलं, "सध्या पेशंट कमी आहेत का?" बोर्डाचे वकील माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ते आपल्याला बघायचं नाही." मला कळेना. अहो, अडचण सांगायला आलाय ना माणूस? मग अडचण विचारायची नाही तर काय विचारायचं?

नंतर कायदा वाचला तेव्हा गंमत कळली. अडचण माणसाची चालत नाही, जमिनीची लागते. प्लॉट फार अरुंद आहे का, फार कमी खोल आहे का, वेडावाकडा आहे का, जमिनीला काही वेगळेच चढउतार आहेत का, आधीपासून कायदेशीर उभं असलेलं बांधकाम आड येतं का. धंदा बसलाय, कर्ज झालंय, समोरच्याची पाटी मोठी आहे, ही कारणं कितीही खरी असली तरी तिथे ऐकून सोडून द्यायची. शिवाय अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली नको. जमिनीची अडचण नसली तर दुसरा एक रस्ता आहे: या सुटीमुळे गावाच्या नियोजनाचं काही भलं होतं आणि ते भलं तोट्यापेक्षा जास्त आहे, हे दाखवा. आणि कुठल्याही रस्त्यानं आलात तरी शेवटी एक सिद्ध करावंच लागतं, की यानं लोकांचं फार नुकसान होत नाही आणि गावाच्या आराखड्याला मोठा धक्का लागत नाही.

आता पाटी. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, कराडला पेंटर होते. पुणे–बंगळूर रस्त्यावरचे ढाबे, टायरची दुकानं, खतांची दुकानं, एका काळी कोल्हापूर नाक्याच्या अलीकडे-पलीकडे दिसणारे निम्मे बोर्ड त्यांच्या हातचे. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग दोन हात पांढरे, मग सुताला खडू घासून दोरी मारायची आणि रेघा पाडायच्या. उजव्या मनगटाखाली टेकायची काठी त्यांनी लाकडाची करून घेतली होती. तिच्या टोकाला कापडाची गाठ असायची, ओल्या रंगाला खरचटू नये म्हणून. मी आठवी-नववीत त्या काठीनं त्यांच्या पाठीला खाजवायचे. २००० नंतर फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत धंदा गुंडाळला. त्यामुळे बोर्डावर पाटीचं प्रकरण आलं की बाकीचे सभासद घड्याळ बघतात आणि मी खुर्ची पुढे ओढते.

गादीवाल्याचं प्रकरण असं होतं. आमच्या नियमात हमरस्त्याकडेच्या दुकानाला खांबावरची पाटी १०० चौरस फुटांपर्यंत, उंची २५ फुटांपर्यंत. त्याला हवी होती २४० चौरस फूट आणि ४५ फूट. क्षेत्रफळ दुप्पटीहून जास्त, उंची जवळजवळ दुप्पट. कंपनी असल्यामुळे स्वतः येऊन बोलता येत नाही, वकील लावावाच लागतो. वकिलाबरोबर एक वाहतूक अभियंता, एक परवानाधारक प्लॅनर आणि पाट्या बनवणारा. सगळ्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. गादीच्या पाटीसाठी शपथ! मला पहिल्या वर्षी हसू आवरायचं नाही. आता वाटतं, हेच बरं आहे. शपथ घेतल्यावर माणूस "साधारण" आणि "अंदाजे" हे शब्द जरा जपून वापरतो.

वकिलानं सुरुवात नेहमीसारखी धंद्यापासून केली. ऑनलाइन गाद्यांनी दुकानं कशी बुडवली वगैरे. आमच्या अध्यक्षबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी ते दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "जमिनीबद्दल सांगा." मग अभियंत्यानं नकाशा लावला आणि तिथे मात्र प्रकरणात जीव आला. दुकान खरंच खड्ड्यात होतं. दक्षिणेकडून येताना आधी उड्डाणपुलाचा भराव लागतो. तो उतरेपर्यंत नियमातली २५ फुटांची पाटी दिसतच नाही. दिसते तेव्हा दुकानाचं वळण २५० फुटांवर येतं. ताशी ५५ मैल वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ ८० फूट जाते. म्हणजे पाटी वाचायची, आरसा बघायचा, लेन बदलायची आणि वळायचं, या सगळ्याला मिळून तीन सेकंद. उशिरा दिसलं की माणूस कचकन ब्रेक मारतो, मागचा त्याच्यावर आदळतो. भराव सरकारी रस्त्याचा, दुकानदारानं घातलेला नाही. इतकी स्वच्छ जमिनीची अडचण मी त्याआधी पाहिली नव्हती.

पण मग ४५ फूट का? आणि २४० चौरस फूट का? यावर पाटीवाला म्हणाला, "मोठी असली की दिसते." बस्स. शपथेवर.

पुढचा साक्षीदार दुकानदाराकडून नव्हता, गावातून होता. न्यू जर्सीत सूट मागणाऱ्याला आपल्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती जाहीर प्रसिद्धही करावी लागते. दुकानाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक आजी ती नोटीस घडी करून पर्समध्ये घेऊन आल्या होत्या. मी त्यांना आजी म्हणते खरं, पण माझ्यापेक्षा ताठ चालत होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिथे आधी असलेल्या टायरच्या दुकानाची जुनी पाटी रात्रभर जळायची आणि त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत लाल व्हायची. फोनमध्ये फोटो होता. बोर्डाचे वकील म्हणाले, फोन पुरावा म्हणून नोंदवता येत नाही, छापून हवा. सेक्रेटरी वरच्या मजल्यावर जाऊन प्रिंट काढून आली, तोवर सगळे शांत बसून राहिलो. मग त्या कागदावर ओ-१ असा पुराव्याचा क्रमांक लिहिला गेला. एक पलंग, उशी, उशीवर मांजर आणि मांजरासकट सगळं टोमॅटोच्या सारासारखं लाल.

साडेदहानंतर नवीन साक्ष घ्यायची नाही, असा आमचा नियम आहे. प्रकरण पुढच्या महिन्यावर गेलं. आणि मधल्या शनिवारी ते कापड.

तिसऱ्या चकरेत मी मांडीवर वही ठेवून सेकंद मोजले. भराव उतरायच्या आधीच कापड दिसत होतं, नुसतं दिसत नव्हतं तर पुढ्यात येत होतं. ४५ फुटांवर ते झाडांच्याही वर गेलं होतं. नंतर आम्ही आजींच्या गल्लीत गाडी वळवली. त्यांच्या घरामागच्या दोन मेपलच्या मधोमध ते पांढरं चौकोन असं लटकलं होतं, जणू कोणी अंगणात सिनेमा दाखवणार आहे. जागा आपली आपण जाऊन बघायला हरकत नसते, मात्र तिथे कोणाशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही आणि पुढच्या बैठकीत "मी बघून आले" हे सगळ्यांसमोर सांगायचं. आजी अंगणातून हात करत होत्या. मी हात केला आणि काच वर घेतली. फार उद्धट वाटलं.

त्या रात्री कराडला व्हिडिओ कॉल लावला. प्रकरण बाहेर बोलता येत नाही म्हणून मी दुकान, गाव काही न सांगता फक्त अक्षरांचं विचारलं. "आप्पा, गाडी जोरात चाललीय, साडेचारशे फुटांवरून वाचता आलं पाहिजे, तर अक्षर केवढं लागेल?"

आप्पांनी चष्मा काढला. "कोणती लिपी?"

"इंग्रजी."

"मग काय, सोपंच की. दीड-पावणेदोन फूट घातलं तरी धकतंय. पण अगं, बोर्डाचं काय विचारती? बोर्ड कितीबी मोठा कर. अक्षराच्या बाजूनं मोकळं सोडलं नाहीस तर सगळा गिचका. आम्ही काय करायचो, अक्षर रद्दी पेपरचं कापून भिंतीला चिकटवायचं आन् रस्त्याच्या पलीकडं जाऊन चहावाल्या पोराला विचारायचं, वाच रे. त्याला आलं तर ड्रायव्हरला येतंय."

मी नंतर बघितलं. इथल्या पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की एक इंच उंचीचं अक्षर साधारण ३० फुटांवरून आरामात वाचता येतं. ४५० भागिले ३०, पंधरा इंच. म्हणजे सव्वा फूट. आप्पांनी चहावाल्या पोराच्या डोळ्यांवर काढलेलं उत्तर थोडं ढिलं होतं, पण एस.टी.च्या ड्रायव्हरांचे चष्मे लक्षात घेता ते बरोबरच म्हणायचं.

लिपी कोणती, हे त्यांनी आधी विचारलं ते उगीच नाही. पाटीचं क्षेत्रफळ मोजताना आमच्या नियमात मजकुराभोवती बसेल तो लहानात लहान चौकोन धरतात. इंग्रजी मोठी अक्षरं एका रेघेत उभी राहतात, चौकोन घट्ट बसतो. आता 'कुलकर्णी फराळ' लिहून बघा. 'कु'चा उकार खाली लोंबणार, 'र्णी'वर वेलांटी आणि तिच्यावर रफार. चौकोन वाढला आणि मधलं अक्षर आहे तेवढंच. देवनागरी माणसाला तेवढ्याच परवानगीत लहान अक्षर मिळतं. ओक ट्री रोड या इथल्या भारतीय बाजारातल्या आपल्या दुकानांवर इंग्रजी इतकं का, याला बाकी कारणं खूप आहेत, पण मला हे एक उगाचच आवडतं.

आणि लिपीवरून आठवलं. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनं दुकानाची पाटी मराठीत देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असं ठरलं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, तर सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. इथे नेमकं उलट. पाटीवर काय लिहिलंय यावरून नियम वेगळा लावलात की तुम्ही कोर्टात गेलात म्हणून समजा. ॲरिझोनात गिल्बर्ट नावाचं गाव आहे. तिथे एका लहानशा चर्चला स्वतःची इमारत नव्हती, दर रविवारी प्रार्थना कुठे आहे ते सांगणाऱ्या छोट्या पाट्या ते रस्त्याकडेला रोवायचे. गावाच्या नियमात अशा पाटीला सहा चौरस फूट, निवडणुकीच्या पाटीला ३२ आणि विचार मांडणाऱ्या पाटीला २०. शिवाय प्रार्थनेची पाटी बारा तास आधी लावायची आणि नंतर तासाभरात काढायची. चर्चचे पाद्री भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये जिंकले. तेव्हापासून देशभरच्या गावांनी आपापले पाट्यांचे नियम बाहेर काढून झाडले. आमच्या कोर्सात हा खटला इतक्या वेळा आला की शेजारचा गृहस्थ म्हणाला, आता मला त्या चर्चचा पत्ता पाठ झाला. एका सुनावणीत कोणीतरी मागून विचारलं होतं, की त्या दुकानाची पाटी इंग्रजीत का नाही. अध्यक्षबाईंनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

हमरस्त्यावरच्या जाहिरातींचं मात्र वेगळं. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभीकरणाच्या कायद्यावर सही केली, त्यामागे त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांचा पाठपुरावा होता. केंद्राच्या पैशातून झालेल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना ६६० फुटांच्या आत जाहिरातींवर बंधन आलं. पण स्वतःच्याच जागेत स्वतःच्या धंद्याची पाटी त्यातून वगळली. म्हणून गादीवाला आमच्या वाट्याला येतो. व्हर्माँट, मेन, हवाई आणि अलास्का या चार राज्यांनी तर महामार्गावरच्या जाहिरातींचे मोठे फलक सरळ बंद केले आहेत. आम्ही एकदा ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला व्हर्माँटला गेलो तेव्हा दोन तासांनी माझ्या लक्षात आलं, की डोळ्यांना काहीतरी कमी मिळतंय आणि ते बरं वाटतंय.

दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मी मुद्दाम एक जुनी बातमी परत वाचली, वाचायला नको होती. १३ मे २०२४, घाटकोपर, छेडानगर. वादळ आलं आणि पूर्व द्रुतगती महामार्गालगतचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं. १७ माणसं गेली. मुंबई महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांचं होर्डिंग चालवून घेते. हे १२० बाय १२० होतं. लांबी तिप्पट, रुंदी तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट. माझा भाचा त्या भागातून रोज जातो, म्हणून तेव्हा रात्रभर फोन लावत होते. नियमाबाहेर जायची सोय मुंबईतही आहे. विकास नियंत्रण नियमावलीत सिद्ध होणारी अडचण असेल तर आयुक्त लेखी कारणं नोंदवून मापं शिथिल करू शकतात, असं कलम आहे. इमारतींच्या फायलींत ते सतत वापरलं जातं. पण ती फाईल असते. शेजारच्या आजीला नोटीस जात नाही, तिचा फोटो छापायला कोणी वरच्या मजल्यावर जात नाही. आणि त्या होर्डिंगला तर महापालिकेची परवानगीच नव्हती, असं महापालिकेनं सांगितलं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. नऊ पट पाटी उभी राहिली, आणि तिच्याबद्दल कोणाला विचारायची वेळच आली नाही.

तर दुसरी सुनावणी. त्या रात्री कायमच्या सभासदांपैकी दोघं आले नाहीत, म्हणजे दोन्ही पर्यायींना मत मिळालं. मी आधी सांगितलं, की जागा बघून आले. मग माझी पाळी आली तेव्हा पाटीवाल्याला विचारलं, "तुमच्या पाटीवर नावाचं अक्षर किती इंचाचं आहे?" त्यानं कागद चाळले. "अठरा इंच." "आणि वीस बाय बाराच्या चौकोनात बाकी काय आहे?" बाकी होता एक झोपलेला ढग, कंपनीचं चिन्ह, तो जवळजवळ अर्धी पाटी खात होता. मी विचारलं, "ढग किती फुटांवरून वाचायचा आहे?" हसले सगळे, वकीलही हसले. खरं तर ढगाबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता, तो मजकूर झाला. पण आकाराबद्दल होता. अठरा इंचाचं अक्षर ५४० फुटांवरून वाचता येत असेल तर त्याला २४० चौरस फूट कशाला लागतात, एवढंच मी पुढे विचारलं, आणि अभियंत्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की लागत नाहीत. उंचीचंही तसंच निघालं. भरावाच्या वर यायला ३२ फूट पुरत होते. त्या उंचीवर पाटी जवळजवळ ४८० फुटांवरून, म्हणजे सहा सेकंद आधी दिसत होती.

वकिलानं पाच मिनिटांची सुट्टी मागितली. बाहेरच्या पॅसेजमध्ये फोनवर कोणाशी तरी बोलणं झालं आणि ते आत येऊन म्हणाले, आमचे अशील अर्ज सुधारून घेतात. १५० चौरस फूट, ३२ फूट. अटी आम्ही घातल्या: अक्षरांमागची बाजू अपारदर्शक, उजेड फक्त अक्षरांतून यायचा, हलतं चित्र नाही, आणि रात्री दहाला बंद. आजींना अध्यक्षबाईंनी परत बोलावलं. त्या म्हणाल्या, "दहा चालेल. मी अकरापर्यंत टीव्ही बघते."

पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर. विरोधातल्या दोघांपैकी एक म्हणाला, नियम २५ चा आहे तर तोच बदला, एकेकाला सूट देत बसलात तर नियम कसला. त्याचं अगदीच चूक नव्हतं. माझं मत हो. पुढच्या महिन्यात बोर्डाच्या वकिलानं लिहिलेला ठराव आला, त्यात भराव होता, सेकंद होते, आजींचा ओ-१ होता. तोही मंजूर झाला आणि त्यावर ४५ दिवसांत कोणी कोर्टात गेलं नाही. शरद ऋतूत पाटी उभी राहिली. निळी, सुबक. मी आप्पांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: अंगठा, आणि खाली, "ढग कशाला?"

दीड वर्षात गादीचं दुकान बंद पडलं.

पाटी मात्र राहिली. दिलेली सूट जमिनीची असते, दुकानदाराची नव्हे. मालक बदलला तरी ती जागेबरोबर पुढे जाते. अडचण जमिनीची धरली, मग औषधही जमिनीलाच. आम्ही घातलेल्या अटीही तशाच पुढे जातात, दहाला दिवा बंद व्हायलाच हवा. फक्त पाटीवर काय लिहायचं, ते आता नव्या दुकानदाराच्या हातात.

गेल्या आठवड्यात तिथून गेलो. भराव उतरला, मी सवयीनं मोजायला लागले. एक, दोन. आता तिथे कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. १५० चौरस फुटांत त्यांनी दवाखान्याचं नाव, डॉक्टरांची पदवी, लसीकरण, नखं कापणं, दात साफ करणं, रविवारी चालू असल्याचं आणि संपूर्ण फोन नंबर बसवलाय. तीन, चार. एक मांजरही आहे. पाच, सहा.

"काय लिहिलं होतं?" नवऱ्यानं विचारलं.

"मांजर," मी म्हटलं.

"परत फिरवू?"

"नको. आप्पांना सांगायचं नाही."